कप्पेबाईंचे सतरा महिने

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात बाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. एरवी पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना कप्पेबाईच म्हणत. त्या स्टोअर सांभाळायच्या, म्हणजे सुट्या भागांचं कोठार. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांना कप्पे, आणि कप्प्यांत नट, बोल्ट, वायसर, रबरी चकत्या, बेअरिंगं, पंपाची पाती असा सगळा संसार. एखादा फिटर खिडकीशी येऊन नुसतं म्हणाला, "बाई, ते हे द्या ना, परवा नेलं होतं ते," की बाई उठायच्या, बरोबर त्याच कप्प्यात हात घालायच्या आणि 'ते हे' त्याच्या तळहातावर ठेवायच्या. वर सुनवायच्या, "परवा नाही, सोमवारी नेलंत. आणि दोन नेलीत, एक अजून परत आलेलं नाही."

बावीस वर्षं हे असंच चाललं. मग एका गुरुवारी दुपारी सगळ्यांना आवारात बोलावलं. मोठ्या साहेबांनी एक कागद वाचून दाखवला. वाचताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही, तेव्हाच बाईंनी काय ते ओळखलं. कारखाना महिनाअखेरीस बंद. दोघंतिघं ओरडले, एकजण तिथेच मटकन खाली बसला. बाई मुकाट्याने स्टोअरमध्ये परतल्या आणि त्या दिवसाच्या राहिलेल्या चिठ्ठ्या नोंदवत बसल्या. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलंच नाही.

बाईंचं वय तेव्हा शेहेचाळीस. घरी नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करणारा, शांत आणि मोजकं बोलणारा माणूस. आणि एक लेक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, बापाच्या वाटणीचंही बोलणारी.

पहिला महिना तसा बरा गेला. "इतक्या वर्षांत सलग चार दिवस रजा घेतली नाही," बाई म्हणाल्या, "आता महिनाभर घर लावते." आणि घर लावलं म्हणजे काय लावलं! स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आली. खिळे, गुंड्या, दोरे, बॅटरीचे सेल यांना आपापलं घर मिळालं. एक दिवस लेक चहा करायला आत गेली आणि डबा हातात घेऊन बाहेर आली.

"आई, डब्यावर 'साखर' लिहिलंयस ते ठीक. पण आत शिल्लक किती तेही लिहिलंयस. आता चमचाभर घेतली तर मी सही करायची का?"

नवरा हसला. बाईही हसल्या. पण दुसऱ्या महिन्यात घरात लावायला काही उरलं नाही, आणि खऱ्या शोधाला सुरुवात झाली.

शोध म्हणजे काय, तर सकाळी वर्तमानपत्र, मग लेकीच्या फोनवरच्या जाहिराती, मग अर्ज. अर्ज लेकच टाइप करायची. ती म्हणाली, "यात तुझे गुण लिहायचे असतात."

"गुण कसले? कप्पे सांभाळते, एवढं लिही."

"असं नसतं गं लिहायचं."

मग लेकीने मैत्रिणीच्या भावाचा अर्ज समोर ठेवून असं काही झोकदार लिहिलं, की ते वाचताना बाईंना वाटलं, ही कोण बाई आहे, हिला एकदा भेटायला हवं.

पाच महिन्यांत त्रेसष्ट अर्ज गेले. मुलाखतीला बोलावणं आलं तिघांचं. पहिल्या ठिकाणी समोर बसलेला साहेब लेकीपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठा असेल. त्याने विचारलं, "स्टॉकसाठी कुठलं सॉफ्टवेअर वापरायचात?" बाईंनी खरं तेच सांगितलं, "आमच्याकडे वह्या होत्या." त्याने 'वह्या' हा शब्द असा टिपून घेतला, जणू बाईंनी एखाद्या दुखण्याचं नाव सांगितलं होतं. दुसऱ्या ठिकाणी वय विचारलं, आणि त्यानंतर एकदम चहाच विचारला. तिसऱ्या ठिकाणी मात्र तासभर गप्पा झाल्या, कौतुक झालं, आणि निघताना साहेब उठून उभे राहून म्हणाले, "आम्ही कळवू."

बाईंनी तीन आठवडे फोन नजरेआड होऊ दिला नाही. आंघोळीला जातानाही तो दाराबाहेर स्टुलावर ठेवून जायच्या. काही कळलं नाही. घरात मात्र तो शब्द रुळला. "भांडी घासतेस का गं?" असं विचारलं की लेक आतून ओरडायची, "कळवते!"

सुरुवातीला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे येईनासं झालं. समोरच्या घरातल्या काकू भल्या बाई, पण जिन्यात दिसल्या की त्यांचा एकच प्रश्न, "झालं का काही?" बाईंनी मागच्या जिन्याने जायला सुरुवात केली. नणंद एकदा येऊन गेली. तिने फार मायेने सांगितलं, "आता कशाला दगदग वहिनी? खूप केलंत. बसा आता घरी आरामात." ते 'बसा' बाईंच्या मनाला असं लागलं, की त्यानंतर दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. अर्ज जाणंही थांबलं. सकाळी उठून आवरायचं कुणासाठी, असं झालं.

एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला नवरा कामावरून आला. बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. अंगावर सकाळचाच गाऊन, समोर सकाळचाच कप, त्यात चहावर साय धरलेली. त्या दिवशी कुठून नकारही आला नव्हता. काहीच आलं नव्हतं.

नवऱ्याला समजूत वगैरे घालता येत नसे. तो समोर बसला, बूट काढले, आणि थोड्या वेळाने आपल्या दुकानातलं सांगायला लागला. "आज घोटाळाच झाला. एका फ्रेमचा स्क्रू पडला. केवढासा असतो तो, तीळ परवडला. नवा कारागीर आलाय ना, त्याने सगळं दुकान झाडून काढलं. गिऱ्हाईक ताटकळत उभं. अर्धा तास गेला."

बाईंना बोलायची इच्छा नव्हती. पण राहवलं नाही.

"अहो, सगळं दुकान कशाला झाडायचं? स्क्रू शेवटी कुणाच्या हातात होता, त्याला विचारायचं. तो कुठे उभा होता, कुठल्या अंगाला वळला. आमच्याकडे एखादा भाग सापडला नाही तर मी कधी चारशे कप्पे उपसत बसले नाही. ज्याने शेवटचा पाहिला त्याला गाठायचं, निम्मं काम तिथेच होतं."

नवऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मग तू पाच महिने काय करतेयस?" तो हळूच म्हणाला. "सगळं दुकानच झाडतेयस की."

बाईंना आधी राग आला. मग तो गेला. मग त्या उठल्या, कप घासून पालथा घातला आणि लेकीकडून एक कोरी वही मागून घेतली.

त्या वहीत त्यांनी माणसं लिहायला घेतली. बावीस वर्षांत खिडकीशी कोण कोण आलं? बेअरिंग पुरवणारे, रबराचा माल आणणारे, टेम्पोवाले, माल तपासायला येणारे, फिटर, टर्नर, रंगारी. ही सगळी माणसं फक्त आपल्याच खिडकीशी थोडीच यायची? ती दिवसाला दहा स्टोअरच्या खिडक्यांशी उभी राहायची. कुठलं स्टोअर नीट चाललंय, कुठे बजबजपुरी आहे, कुठला माणूस सोडून जाणार आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? वही मिटली तेव्हा अठ्ठेचाळीस माणसं झाली होती. काहींची नावं आठवत नव्हती, तिथे 'लाल टोपी' किंवा 'सतत घाईत' असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाईंनी घरात नियम जाहीर केले. सकाळी दहा ते एक शोध. एकनंतर त्या विषयाचं नाव काढायचं नाही, आपणही काढणार नाही. आठवड्याला चार माणसांना समक्ष भेटायचं, फोनवर नाही.

"आणि 'झालं का काही' असं मला कुणी विचारायचं नाही."

"मग काय विचारायचं?" लेकीने विचारलं.

"'आज कुणाला भेटलीस' असं विचारा. त्याला माझ्याकडे उत्तर असेल."

समोरच्या काकूंनाही त्यांनी पुढच्या जिन्याने जाऊन हे सांगून टाकलं. काकू क्षणभर गोंधळल्या, पण त्यांना ते आवडलं असावं. कारण तेव्हापासून त्या दारातच उभ्या राहून सगळा वृत्तान्त ऐकून घेऊ लागल्या, आणि कोण माणूस कसा यावर आपलं मतही देऊ लागल्या.

यादीतले पहिले होते बेअरिंगवाले काका. लोखंडी सामानाच्या गल्लीत त्यांचं अरुंद, खोलच खोल दुकान. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि हात जोडून म्हणाले, "जागा नाही हो बाई. इथे मलाच बसायला जागा नाही." ते खरंच होतं. चारी बाजूंनी खोकी अंगावर येत होती. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता, त्यावर कापड घातलेलं.

"हे काय?"

"मुलाने घालून दिलंय. सगळा माल त्यात भरायचा म्हणतो. तो गेला लांब नोकरीला, आणि हे यंत्र काही मला ओळख देत नाही."

बाई थोडा विचार करून म्हणाल्या, "काका, मला हे शिकायचंय. जिथे जाते तिथे हेच विचारतात. आठवड्यातल्या दोन सकाळी येते, तुमचा सगळा माल यात भरून देते. तुमचं काम होईल, माझा हात बसेल."

काकांनी फुकट काही करून घेतलं नाही, थोडंफार हातावर ठेवत राहिले. पण बाईंना त्यापेक्षा मोठं काही मिळालं. बुधवार आणि शनिवार, सकाळी घरातून निघायला ठिकाण मिळालं.

शिकणं सोपं नव्हतं. लेक संध्याकाळी शिकवायची आणि दहा मिनिटांत चिडायची. "आई, तो बाण तुला चावणार नाही. जरा हलव की हात!" बाई एका बोटाने टाइप करायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी चुकून कुठलं तरी बटण दाबलं आणि तीनशे नोंदी डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. त्या दिवशी त्या काकांच्या खोक्यांआड जाऊन रडल्या. मग तोंड धुऊन पहिल्या खोक्यापासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला बोटं दोन झाली होती आणि वेळ निम्मा लागला.

तीन महिन्यांनी अशी वेळ आली, की गिऱ्हाइकाने काही मागितलं तर काका शिडीवर न चढता पडद्याकडे बघून रुबाबात म्हणायचे, "चार आहेत. वरून दुसरी फळी." जणू सगळं त्यांनीच भरलं होतं. बाई मान खाली घालून पुढची नोंद करायच्या.

याच काळात मंगळवारचा बाक सुरू झाला. कारखान्यातली आणखी दोघंतिघं बेकार होती, त्यांना बाईंनी बागेतल्या एका बाकावर दर मंगळवारी अकराला बोलावलं. ज्याला जे कळलं ते त्याने बाकीच्यांना सांगायचं, एवढाच कार्यक्रम. त्यात एक टर्नर होते. मशीन चालू असताना कायम शीळ घालायचे, म्हणून त्यांना शीळवाले म्हणत. ते घराबाहेरच पडत नाहीत असं कळलं, म्हणून बाई त्यांच्या घरी गेल्या. बायकोने दार अर्धंच उघडलं. "ते कुणाला भेटत नाहीत हो."

बाई दारातूनच मोठ्याने म्हणाल्या, "मलाही भेटायचं नाहीये. मला बाकावर चौथा माणूस हवाय. जागा रिकामी राहिली की कुणीतरी परका येऊन बसतो!"

एवढं बोलून त्या निघाल्या. मंगळवारी शीळवाले आले. पहिल्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत, तरी आले.

एकदा रस्त्यात एक ओळखीचा टेम्पोवाला भेटला. वहीत त्याचंच नाव 'सतत घाईत' असं होतं. गाडी चालू ठेवूनच तो म्हणाला, "ताई, नदीपलीकडच्या वर्कशॉपला टर्नर पाहिजे. चांगला माणूस मिळेना म्हणतात. तुमच्या कामाचं नाही म्हणा." बाईंनी तिथल्या तिथे शीळवाल्यांना फोन लावला. आठव्या दिवशी त्यांना नोकरी लागली.

शीळवाले मंगळवारी मुद्दाम रजा काढून बाकावर सांगायला आले. बाईंनी तोंडभरून अभिनंदन केलं. घरी आल्या आणि कपाटाचं दार धाडकन आपटलं. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "मला आनंद झाला नाही. खोटं कशाला बोलू? मला राग आला. मी धडपडतेय, मी सगळ्यांना गोळा करतेय, आणि नोकरी त्यांना. मी अशी कशी हो?"

"अशी म्हणजे कशी? दमलीयस," नवरा म्हणाला. "उद्या कुठे जाऊ नकोस, काकांच्या दुकानातही नको. झोप काढ."

दुसऱ्या दिवशी बाई खरंच झोपल्या, चांगल्या दुपारपर्यंत. आणि पुढच्या मंगळवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना बाकावर हजर होत्या.

दहाव्या महिन्यात एक जाहिरात दिसली. कृत्रिम हातपाय बनवून बसवणारं एक केंद्र होतं, त्यांना स्टोअर सांभाळायला माणूस हवा होता. बाई मुलाखतीला गेल्या. बाहेर थांबल्या असताना स्टोअरचं दार उघडं होतं आणि त्यांची नजर आत गेली. एका मोठ्या पिंपात रबरी पावलं टाकलेली. उजवी, डावी, लहान, मोठी, सगळी एकत्र. बाईंना ते बघवेना.

केंद्राच्या व्यवस्थापक मॅडम सरळ बाई होत्या. या वेळी सॉफ्टवेअरच्या प्रश्नाला बाईंनी व्यवस्थित उत्तर दिलं. तरी दोन दिवसांनी मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, "दुसरा उमेदवार पदविका घेतलेला आहे, आम्ही त्याला घेतोय. तुम्ही वाट बघत राहू नये म्हणून सांगते."

बाईंना वाईट वाटलं, पण स्पष्ट उत्तर मिळालं याचंच बरंही वाटलं. त्यांनी विचारलं, "मी अधूनमधून फोन केला तर चालेल?"

"करा की."

चारपाच दिवस घरात एकच विषय. "अहो, उजवे-डावे एकत्र! पिंपात!"

"अगं, त्यांनी तुला नको म्हटलंय," नवरा म्हणाला. "त्यांचे पाय कसेही असू देत ना."

"तसं कसं? माणूस बाहेर बसून राहत असेल आणि आत पाऊल सापडत नसेल."

दीडेक महिन्याने बाईंनी मॅडमना फोन केला. आणखी दीड महिन्याने पुन्हा. दोन मिनिटांच्या वर बोलायच्या नाहीत. जागा आहे का? नाही. ठीक आहे. आणि ठेवता ठेवता, "उजवे-डावे वेगळे केलेत का हो?" दुसऱ्या खेपेला मॅडम हसल्या. "नाही अजून."

मधले महिने काही सगळेच उजळ नव्हते. आणखी दोन मुलाखती हुकल्या. एका ठिकाणी सगळं ठरलं आणि आदल्या दिवशी जागाच रद्द झाली. बाईंचा चेहरा त्या संध्याकाळी लेकीला बघवला नाही. तिने न सांगताच भांडी घासून टाकली. पण हातपाय गाळून बसायचं असं काही झालं नाही, कारण दुसऱ्या दिवशी बुधवार होता आणि काकांच्या दुकानात नव्या मालाची खोकी यायची होती.

चौदाव्या महिन्यात एका सकाळी अकराला त्याच टेम्पोवाल्याचा फोन आला. मागून हॉर्न वाजत होते.

"ताई, आत्ता त्या हातापायांच्या केंद्रात माल टाकायला गेलो होतो. सही करायलाच कुणी नाही! तो स्टोअरवाला पोरगा गेला म्हणे सोडून. परवाच. तुम्हाला सांगावं म्हटलं. चला, ठेवतो."

बाईंनी साडेअकराला घर सोडलं. सव्वाबाराला त्या मॅडमच्या दारात उभ्या होत्या.

मॅडम चकित झाल्या. "अहो, जाहिरात तर अजून दिलीच नाही आम्ही!"

"म्हणून तर आले," बाई म्हणाल्या.

मॅडम काही बोलणार एवढ्यात एक उंच, पिकल्या मिश्यांचे गृहस्थ तणतणत आत आले. ते केंद्रातले सगळ्यांत जुने कारागीर. गुडघ्याचे सांधे जुळवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, म्हणून त्यांना गुडघेमास्तर म्हणत.

"मॅडम, डाव्या गुडघ्याचा सांधा, मधल्या मापाचा. कॉम्प्युटर म्हणतो चार आहेत. तीन दिवस शोधतोय, एक सापडेना. बाहेर माणूस बसलाय, त्याला आज परत पाठवायचं तिसऱ्यांदा?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. बाईंना कुणी विचारलं नव्हतं, पण त्यांच्याने गप्प बसवेना.

"शेवटचा सांधा कुणी नेला होता?"

"मीच नेला," मास्तर म्हणाले आणि मग त्यांच्याकडे वळले. "तुम्ही कोण?"

"ते नंतर. कुठल्या कप्प्यातून नेलात?"

"कप्प्यातून... नाही, कप्प्यातून नाही." मास्तर मिशीवरून बोट फिरवत आठवायला लागले. "माल आला त्या दिवशी खोक्यातूनच काढला. घाई होती. पेशंट चालायच्या सरावाला उभा होता, मी खोकं तसंच हातात घेऊन सरावाच्या खोलीत गेलो."

"आणि परत आणलंत?"

मास्तर तडक दाराकडे वळले. तिघंही सरावाच्या खोलीकडे निघाली. तिथे आधाराच्या दोन दांड्यांमध्ये एक म्हातारे गृहस्थ पाऊल टाकायला शिकत होते, आणि त्यांची बायको भिंतीशी एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर ऐसपैस बसली होती. बाईंनी तिला हात देऊन उठवलं, खुर्ची दिली आणि खोकं उघडलं.

"चार नाहीत, तीन आहेत," त्या म्हणाल्या. "एक तुम्ही नेलात, तो नोंदवलेला नाही."

गुडघेमास्तरांनी एक सांधा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि मॅडमना म्हणाले, "यांना जाऊ देऊ नका."

तीन महिने परीक्षेचे ठरले. दुसऱ्या दिवसापासून बाई कामाला लागल्या. आधी पिंप रिकामं केलं. मग भिंतीत एक बुजवलेली खिडकी होती, ती सुताराकडून उघडून घेतली, कारण आत येऊन जो तो हाताला लागेल ते उचलायचा. पहिल्या आठवड्यात कंबर अशी धरली की घरी आल्यावर बसता येईना आणि बसल्यावर उठता येईना. इथलं सॉफ्टवेअरही वेगळं निघालं. एकदा त्यांनी लहान मुलांची पावलं मोठ्यांच्या यादीत भरून टाकली. चूक स्वतःच्याच लक्षात आली, तशा त्या मॅडमकडे जाऊन सांगून आल्या आणि थांबून ती दुरुस्त केली. गुडघेमास्तरांशी रोज एकदा तरी खटका उडायचा, कारण चिठ्ठी लिहून देणं त्यांच्या जिवावर यायचं. "अहो बाई, वीस वर्षं मी असंच नेतोय." "म्हणूनच तीन दिवस शोधत होतात," बाई म्हणायच्या आणि पेन पुढे करायच्या.

सतराव्या महिन्याच्या शेवटी मॅडमनी कायम नेमणुकीचं पत्र हातात दिलं. घरी नवऱ्याने ते दोनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं आणि म्हणाला, "चहा टाकतो."  लेकीने आईला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

त्यानंतरच्याच एका सोमवारी खिडकीशी एक माळी आले. डाव्या पावलाचं रबर झिजलं होतं, ते बदलायला दर वर्षी यायचे. सकाळी यायचं, आत शोधाशोध चालायची, संध्याकाळी परत जायचं, असा त्यांचा ठरलेला क्रम. म्हणून डबा घेऊन आले होते, पाण्याची बाटली होती, वाचायला मासिकही होतं. बाईंनी चिठ्ठी बघितली, कप्प्यातून डावं पाऊल काढलं, नोंद केली आणि मास्तरांकडे दिलं. अकरा वाजायच्या आत ते बसवूनही झालं.

माळीबुवा दोन पावलं चालून पाहून पुन्हा खिडकीशी आले. चेहऱ्यावर आनंद होता, पण थोडी अडचणही होती.

"झालं? एवढ्यात?"

"झालं."

"मी घरी सांगून आलोय, संध्याकाळी येईन म्हणून. मग आता दिवसभर काय करू मी?"

बाईंना हसू आवरेना. "काय करायचं ते करा हो! दिवस तुमचा आहे."

माळीबुवा थोडा वेळ आवारात घुटमळले. दाराजवळच्या कुंड्यांत कुणी कधी लक्ष घातलं नव्हतं. तण माजलं होतं, माती दगडासारखी झाली होती. त्यांनी डबा बाजूला ठेवला, नव्या पावलावर नीट भार देऊन खाली वाकले आणि पहिल्या कुंडीतलं तण उपटायला लागले. तोवर खिडकीशी पुढची बाई येऊन उभी राहिली होती. बाईंनी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली.